चावीवाल्याचे कान

२ एप्रिल

भिंगरी,

पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी वाच. कागद पाठकोरा आहे, मागे खात्याचा जुना तक्ता छापलेला आहे. म्हणजे फाडलंस तरी नवा कागद वाया जाणार नाही.

फोन तू उचलत नाहीस. आईशी मात्र रोज संध्याकाळी अर्धा तास बोलतेस आणि आई ते बाल्कनीत जाऊन, दार लोटून घेऊन बोलते. परवा मी तिच्याकडे निरोप दिला तर म्हणाली, "मी काय तुमची पोस्टमन आहे? लिहिता येतं ना? मग लिहा." म्हणून लिहितोय. चाळीस वर्षं पाणीखात्यात गल्लोगल्ली चाव्या फिरवून लोकांना पाणी सोडलं, पण रजेचा अर्ज सोडला तर हातून काही लिहिलं गेलं नाही. तेव्हा अक्षराला हसू नकोस.

बातमी अशी की खात्याला माझी आठवण झाली. काल नव्या इंजिनिअरबाई घरी आल्या होत्या. वयानं तुझ्याएवढ्याच, पण चप्पल बाहेर काढून आल्या आणि आधी "पाणी अर्धाच पेला द्या" म्हणाल्या, तेव्हाच मला आवडल्या. तलाव तळाला गेलाय. प्रत्येक वसाहतीनं मेअखेरपर्यंत रोजचा वापर चौथ्या हिश्श्यानं कमी करायचा. जमलं तर पाणी रोज येईल, नाही जमलं तर एक दिवसाआड. आपल्या शहाण्णव घरांना मिळून फाटकाशी एकच मीटर, हे तुला माहीत आहेच. रोजचे साठ हजार लिटर जातात, ते पंचेचाळीस हजारांवर आणायचे.

बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही इथलेच, खात्यातले. तुमचं लोक ऐकतील. समजावून सांगाल का?"

मी म्हटलं, "बाई, हा माझ्या डाव्या हातचा मळ आहे."

आई स्वयंपाकघरातून खोकली. तिला सर्दी झालेली नाही.

आता मुद्द्याचं. उन्हाळ्याच्या सुटीत पिटुकलीला घेऊन ये. इथून गेली तेव्हा दोन महिन्यांची होती, आता तीन वर्षांची झाली. मी नातीला फक्त आईच्या फोनवर पाहिलंय, तेही आई फोन टेबलावर विसरली की. तू जाताना म्हणालीस, ज्या घरात पाण्यावर बाबांचा हात असेल त्या घरात मी पाऊल टाकणार नाही. त्याबद्दल बोलू सावकाश. पण एक दिवसाआड पाणी झालं तर तीन वर्षांच्या पोरीला मी कोणत्या तोंडानं बोलावू? म्हणून पाणी रोज यायलाच हवं आणि ते मी आणणार. लिहून ठेव.

त्या दिवसाचं तू अजून मनात धरून बसली आहेस. बाळाला साबण लावला आणि पाणी गेलं. जातं कधीकधी. तू म्हणत होतीस नळ बंद आहे, मी म्हणत होतो वाहतोय. अगं, जमिनीखाली चार फुटांवरची गळती ऐकणारे कान आहेत हे. त्यांना काय शिकवतेस? पण जाऊ दे, झालं गेलं.

कळव.

बाबा


१३ एप्रिल

भिंगरी,

तुझं उत्तर आलं नाही, तरी मी लिहिणार. खात्यात तक्रारींना उत्तर नाही म्हणून लोक तक्रारी लिहायचे थांबत नसत.

मोहीम जोरात आहे. पहिल्या दिवशी अकरा नियमांचा कागद सहाही जिन्यांत लावला. दात घासताना नळ बंद. आंघोळ बादलीनं. गाडी धुवायला पाइप नाही. भांडी वाहत्या पाण्याखाली नाहीत. असे अकरा. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, "अन्यथा पाणी बंद." त्याशिवाय लोक हलत नाहीत.

मग घरोघर गेलो. एकेका घरात काय पाहिलं ते सांगितलं तर रडशील. आपल्या डोक्यावर राहणारा तो बँकवाला दाढी करताना नळ चालू ठेवतो, का, तर म्हणे त्या आवाजानं विचार सुचतात. एवढे विचार सुचतात तर बँकेत काय करतोस? त्याच्या घरातून मला तीन वर्षं सारखी बारीक सूंऽ ऐकू येते, मागच्या खोलीच्या वरून. दोनदा भांडून आलो. म्हणतो, आमच्याकडे काही गळत नाही. समोरच्या इमारतीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाई भाजी वाहत्या पाण्याखाली धूत होत्या. मी सरळ आत गेलो आणि नळ बंद केला. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. बघू देत. चांगल्या सवयी लावणाऱ्याला लोक पाण्यातच पाहतात.

आता आकडा सांगतो. तू हसणार नसशील तर.

त्रेसष्ट हजार.

वाढला! मी मीटरवर थुंकी लावून काच पुसून पुन्हा वाचला. मग दोन दिवस जिन्यात बसून छडा लावला. "अन्यथा पाणी बंद" वाचून लोक घाबरले. घरातली पिंपं, बादल्या, पातेली, बाळाचा टब, जे हाताला लागेल ते भरून ठेवलं. इथवर ठीक. पण सकाळी ताजं पाणी आलं की कालचं सगळं ओतून देतात. का? तर शिळं झालं! मी विचारलं, "अहो, तलावात सहा महिने पडलेलं पाणी शिळं होत नाही आणि तुमच्या पिंपात एका रात्रीत होतं?" तर एक आजी म्हणाल्या, "पिंपातलं पाणी उभं असतं." 

आई म्हणते, "उपदेश पुरे करा. पालथ्या घड्यावर पाणी ओतताय, तेही भरून भरून." तिला माझी प्रगती कळत नाही. अजून दीड महिना आहे. माझ्याकडे शेवटचं हत्यार आहेच.

पिटुकली आता बादलीत मावते का?

बाबा


२१ एप्रिल

भिंगरी,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. आधीचे दोन कागद दोन्ही बाजूंनी भरून टाकून दिले, म्हणजे बघ.

शेवटचं हत्यार काल वापरलं. निवृत्त होताना माझी लांब दांड्याची चावी मी खात्यात परत केली नव्हती, हे तुला ठाऊक आहे. सकाळी आठ वाजता फाटकाजवळचं लोखंडी झाकण उचललं, चावी घातली आणि सगळ्या वसाहतीचं पाणी बंद केलं. एक तास. म्हटलं, चटका बसल्याशिवाय किंमत कळत नाही.

दहा मिनिटांत बाल्कन्या भरल्या. लोक ओरडत होते, मी खाली खुर्ची टाकून बसलो होतो. अगदी खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं.

मग त्या शिवणकामवाल्या बाई जिना उतरून आल्या. ओरडल्या नाहीत. दोन्ही हात कोपरापर्यंत साबणानं भरलेले, ते अंगापासून दूर धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "काका, माझी आई अंथरुणाला खिळलेली आहे. आठवड्यातून एकदा तिला खुर्चीवर बसवून आंघोळ घालते. आत्ता ती साबणात बसली आहे. तिला थंडी वाजतेय. डोळ्यांत साबण जातोय."

मी चावी फिरवली. पण पाणी लगेच येत नाही. पाइपात हवा भरलेली असते, ती खोकत खोकत बाहेर पडते, मग पाणी चढतं. तिसऱ्या मजल्यावर पोहोचायला अकरा मिनिटं. हा हिशेब मला झोपेतही येतो. चाळीस वर्षं मी चावी फिरवली आणि सायकलवर बसून पुढच्या गल्लीत गेलो. त्या अकरा मिनिटांत वर काय होतं ते बघायला कधी थांबलो नव्हतो.

काल थांबलो. बाईंच्या मागोमाग वर गेलो आणि मोरीच्या दाराबाहेर उभा राहिलो. आतून ती म्हातारी लहान मुलासारखी कण्हत होती. बाई सारखं म्हणत होत्या, "आलं हं आई, आलंच पाणी." अकरा मिनिटं म्हणजे किती असतात हे मला या वयात कळलं.

भिंगरी, त्या दिवशी पाणी गेलं नव्हतं. मी बंद केलं होतं.

तुला हे माहीत आहे. आईलाही माहीत आहे. मीच एकटा तीन वर्षं "पाणी गेलं, पाणी गेलं" करत होतो. आतून वाहत्या पाण्याचा आवाज येत होता. मी दोनदा ओरडलो, "नळ बंद कर." तू ओरडलीस, "बंदच आहे!" मी दाराबाहेरची घरच्या पाण्याची चावी फिरवली आणि आवाज थांबला. तू साबणानं माखलेलं रडतं बाळ टॉवेलात गुंडाळून शेजारच्यांच्या मोरीत धावलीस. तुझ्या स्वतःच्या केसांतही साबण होता. आणि मी बाहेर उभं राहून काय म्हणालो तेही मला आठवतंय. "खोटं बोलतेस." त्याच संध्याकाळी तू गेलीस.

चूक झाली. मोठी झाली. बाळ हातातून निसटलं असतं. मी तुझी माफी मागतो. आवाज मी ऐकला होता, तेवढं मात्र खरं. पण म्हणून पाणी तोडायचं नसतं.

घरच्या चावीचं चाक काढून आईकडे दिलंय. तिनं ते डाळीच्या डब्यात टाकलं. लांब चावी खात्यात परत केली. इंजिनिअरबाई रागावल्या, आणि बरोबरच रागावल्या.

बाबा

ता. क. मी आई लिहितेय. पत्र टाकायच्या आधी वाचलं. माफी मागितली हे खरं आहे, मी समोर होते. पण "आवाज मी ऐकला होता" ही ओळ पाहिलीस ना? सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तुला वाटेल ते कर, माझं काही म्हणणं नाही. लोणी कढवलंय, कोणी आलं तर पाठवीन.


६ मे

भिंगरी,

तू उत्तर दिलं नाहीस, पण परवा फोनवर आईला विचारलंस म्हणे, "बाबांचा आकडा किती झाला?" आई खोटं बोलत नाही, तेव्हा विचारलं असशील. सांगतो. चोपन्न हजार.

आता कसा कमी झाला ते ऐक. त्या सकाळनंतर मी त्या शिवणकामवाल्या बाईंकडे माफी मागायला गेलो. त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, "काका, ते नियमांचं राहू द्या. आमच्या संडासाच्या टाकीतून सारखा बारीक आवाज येतो. दोघा नळवाल्यांनी बघून काही नाही म्हणून सांगितलं. तुम्ही बघता का?"

अगं, चाळीस वर्षांत मला असं कोणी विचारलं नव्हतं. लोक विचारायचे, पाणी कधी सोडणार.

घरी येऊन माळ्यावरून माझी सळई काढली. आठवते? जिचं एक टोक पाइपाला आणि दुसरं कानाला लावून मी गळती शोधायचो. लहानपणी तू ती माझ्या पोटाला लावून ऐकायचीस आणि म्हणायचीस, "बाबा, आत मोटर चालू आहे." ती सळई लावली आणि लगेच ऐकू आलं. पण बाईंना दाखवायचं कसं? म्हणून या पत्रांची शाईची दौत आणली. फ्लशच्या टाकीत दहा थेंब टाकले आणि फ्लश न करता वीस मिनिटं गप्पा मारत बसलो. मग पाहिलं तर खालच्या भांड्यात निळी रेघ! कोणी हात लावला नव्हता, तरी पाणी आपलं चाललंय खाली, दिवसरात्र. बाईंनी तोंडावर हात ठेवला. त्यांच्याच कात्रीनं जुन्या ट्यूबमधून वॉशर कापून बसवला आणि आवाज बंद.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या शेजारणीनं बोलावलं. तिसऱ्या दिवशी चार घरांनी. आता मी दारात जाऊन उपदेश करत नाही, एवढंच विचारतो, "तुमच्याकडे कसला आवाज येतो का हो?" दार सताड उघडतं! माणसांना आपल्या घरातला आवाज कोणाला तरी सांगायचाच असतो. टाकीचा आवाज सांगता सांगता सुनेचा सांगतात, तेही ऐकून घेतो. तोवर शाई खाली उतरते. आणि एकदा का स्वतःच्या भांड्यात निळी रेघ पाहिली, की तोच माणूस दुसऱ्या दिवशी दात घासताना आपणहून नळ बंद करतो. मला काही सांगावं लागत नाही. एकूणचाळीस घरं झाली, सोळा टाक्या गळत होत्या. अकरा नियमांचा कागद काढून टाकला. पाठकोरा होता, त्यावरच हे लिहितोय.

आणि त्या आजी, उभ्या पाण्याच्या. त्यांना म्हटलं, "आजी, शिळं पाणी ओतू नका, फरशीला वापरा. फरशीला कुठे कळतंय?" त्यांना एकदम पटलं. आता त्या सगळ्या जिन्याला सांगत फिरतात.

बाबा


१९ मे

भिंगरी,

अठ्ठेचाळीस हजार. मला नाकानं कांदे सोलायचे नाहीत, पण इंजिनिअरबाई स्वतः मीटर वाचून गेल्या आणि म्हणाल्या, शेजारची वसाहत अजून सत्तावन्नावर आहे, तिथे येता का? मी म्हटलं, आधी घरचं कार्य उरकू द्या.

लोकांनाच चेव चढलाय. फाटकाशी फळा लावला, त्यावर रोज सकाळी आकडा लिहितो. ऑफिसला जाणारे थांबून वाचतात. एक दिवस आकडा वर गेला तर लगेच चौकशी, काल पाहुणे कोणाकडे होते? बँकवाला गाडी आता अर्ध्या बादलीत आणि एका फडक्यात पुसतो आणि सगळ्यांना दिसेल अशी पुसतो. दाढीच्या वेळी पेल्यात पाणी घेतो. विचार सुचत नाहीत अशी तक्रार आहे, पण चेहरा नीट घोटलेला असतो.

त्याच्याकडे मी मुद्दाम उशिरा गेलो. तीन वर्षांचं माझं भांडण होतं. आज चोर सापडणार म्हणून थोडी जास्तच शाई टाकली. वीस मिनिटं झाली, तीस झाली. भांडं पांढरंशुभ्र. सळई लावली. काही नाही. तो म्हणाला, "काका, मी तीन वर्षं तेच सांगतोय." मी म्हटलं, कधीकधी आवाज पाइपातून दुसरीकडूनही येतो. तो हसला. त्याच्या बायकोनं सरबत आणलं, ते मी उभ्याउभ्याच संपवलं.

पंचेचाळीसपर्यंत अजून तीन हजार. घरं तेवीस उरलीत. शाईही संपत आलीय. तू पहिली-दुसरीत असताना शाळेतून हात निळे करून यायचीस तसे माझे झालेत.

सुटी सुरू झाली असेल ना तुमची? मी काही विचारत नाही. फक्त सांगतोय, मागच्या खोलीतला पलंग ऊन दाखवून ठेवलाय. म्हणजे आईनं ठेवलाय. मी बाहेरून मदत केली. त्या खोलीत मी जात नाही.

बाबा


२९ मे

भिंगरी,

शाई संपली, म्हणून शिसपेन्सिल. हे पत्र पूर्ण वाच.

परवापर्यंत आकडा येऊन अडला पंचेचाळीस हजार आठशेवर. तीन दिवस तसाच. पंचाण्णव घरं तपासून झाली होती. सगळे डोकं लावून बसले. फाटकाशी उभं राहून मी म्हटलं, आता कुठे शोधायचं? त्या शिवणकामवाल्या बाई दळण घेऊन चालल्या होत्या. थांबल्या आणि म्हणाल्या, "काका, घरं शहाण्णव ना? राहिलेलं कुठलं?"

"आमचं," मी म्हटलं. "चावीवाल्याच्या घरात काय तपासायचं?"

बाई नुसत्या हसल्या आणि गेल्या.

घरी आलो तर आई कमरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, "मागच्या खोलीत आवाज येतो म्हणून तुम्हाला कितीदा सांगितलं? तुम्ही दर वेळी वरच्या माणसाशी भांडायला जाता."

मागची खोली उघडली. तुझी ओढणी अजून खुंटीला आहे. खोलीला लागून असलेल्या मोरीतल्या फ्लशच्या टाकीत दौतीतले शेवटचे थेंब टाकले, दौत विसळून तेही टाकलं आणि तुझ्या पलंगावर बसलो. वीस मिनिटं लागलीच नाहीत. सात मिनिटांत भांडं निळं.

मी सळई लावली. सूंऽ. तोच आवाज, ज्याच्यावरून मी तीन वर्षं वरच्याशी भांडलो. आणि त्याच्या आधी, भिंगरी, तुझ्याशी.

मला खात्री करून घ्यायची होती. आईला म्हटलं, डाळीच्या डब्यातलं चाक काढ आणि बाहेरच्या चावीला लाव. मी मोरीत गेलो, दार लावून घेतलं. आंघोळीचा नळ घट्ट बंद केला, वरून फडकं बांधलं, खाली हात धरला. एक थेंब नाही. आणि तरी आवाज येतच होता, टाकी गळत होती आणि पुन्हा पुन्हा भरत होती. मी आतून ओरडलो, "बंद कर." आईनं चावी फिरवली. आवाज थांबला.

पुन्हा उघडायला लावली, आवाज आला. पुन्हा बंद, आवाज गेला. मी तीनदा करून पाहिलं. तिसऱ्या वेळी मी आतून मोठ्यानं म्हणालो, "अगं, नळ बंदच आहे!" कोणाला म्हणालो कोण जाणे. बाहेर आईनं पाणी सुरू केलं आणि चाक पुन्हा डाळीच्या डब्यात टाकलं.

नळ बंद होता. त्या दिवशी तू बाळाला साबण लावत होतीस आणि नळ बंद करून लावत होतीस, मी शिकवलं होतं तसं. मी ऐकला तो टाकीचा आवाज होता. चावी फिरवल्यावर आवाज थांबला, म्हणून मला वाटलं मी तुला पकडलं. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली, आणि तो संन्यासी दोन महिन्यांचं बाळ हातात घेऊन उभा होता. एकविसाव्या तारखेच्या पत्रातसुद्धा मी लिहिलं की आवाज मी ऐकला होता, तेवढं खरं. तेवढंही खरं नव्हतं. आवाज खरा होता, पण तो कशाचा हे मी तुला विचारलं नाही. तू सांगत होतीस तेही ऐकलं नाही. भिंगरी, तू खोटं बोलली नव्हतीस. मी तुला खोटारडी म्हणालो याची मला फार लाज वाटते.

वॉशर मी स्वतः बसवला. जुना दगडासारखा कडक, पीळ पडलेला होता. मग खाली जाऊन फळ्यावर आकड्याच्या शेजारी खडूनं लिहिलं, "शहाण्णवाव्या घरातली गळती सापडली. घर चावीवाल्याचं. वय तीन वर्षं. वरच्या साहेबांची माफी." अख्खी वसाहत वाचून गेली. दिव्याखाली अंधार म्हणून कोणीतरी खाली लिहिलंय. मी पुसलं नाही. बँकवाला संध्याकाळी आला आणि माझ्यासाठी नवी शाईची दौत ठेवून गेला.

आज सकाळचा आकडा पंचेचाळीस हजार शंभर.

बाबा


१ जून

भिंगरी,

नवी शाई. चव्वेचाळीस हजार सातशे. काल शेवटचा दिवस होता. शंभर लिटरसाठी लोकांनी काय काय केलं ते सांगत बसत नाही. त्या अंथरुणातल्या आजींनी निरोप पाठवला की माझी आंघोळ एक दिवस पुढे ढकला. मी स्वतः वर जाऊन सांगितलं, "तुमची आंघोळ आजच होणार. कमी पडलं तर ते माझ्या बादलीतलं." झाली आंघोळ, आणि तरीही जमलं.

इंजिनिअरबाईंनी शिक्का मारलेलं पत्र दिलं. पाणी रोज येणार. उद्यापासून शेजारच्या वसाहतीत सळई घेऊन जातोय. तिथल्या जिन्यांत अकरा नियमांचे कागद लागलेत म्हणे, ते आधी काढायला सांगितलेत.

तुला वचन दिलं होतं तेवढं केलं. पाणी आहे. पुढचं तुझ्याकडे. मी आता बोलावतही नाही, कारण बोलावण्याचा हक्क माझा मीच घालवलाय. पण दार उघडं आहे आणि मागच्या खोलीत अगदी शांत आहे. आई म्हणते, इतकं शांत की करमत नाही.

बाबा


५ जून

बाबा,

सगळी पत्रं मिळाली. एकही फाडलं नाही. तिसरं वाचत असताना मी बॅग कपाटावरून खाली काढली होती. मग ती ओळ आली, "आवाज मी ऐकला होता, तेवढं मात्र खरं." बॅग परत वर ठेवली.

शनिवारी दुपारच्या गाडीनं येतोय, दोघी. बॅगेत तुमच्या वरच्या साहेबांसाठीही काहीतरी आहे. बिचारे.

पिटुकलीला बादलीत बसून आंघोळ लागते. मावते अजून, गुडघे वर करून. तासभर उठत नाही, पण बादली एकच लागते, तेव्हा घड्याळ बघू नका. तिला तुमच्या सळईचं सांगितलंय. तुमच्या पोटातली मोटर ऐकायची म्हणून बसली आहे.

चाक डाळीच्या डब्यातच राहू द्या. मी मोरीत असताना आवाज आला तर दारापाशी या आणि मला विचारा, कसला आवाज आहे.

मी सांगेन.

भिंगरी